आपल्या चुलीवर कोदो चढत नाही

आमच्या घरी सकाळ व्हायची ती मुसळांच्या आवाजानं. मागच्या छपरीत जमिनीत पुरलेलं उखळ होतं. माय आणि वहिनी समोरासमोर उभ्या राहून त्यात धान कांडत. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली यायचं आणि मी गोधडीत पडल्या पडल्या त्या आवाजावरून आज कोण कोणावर रागावलं आहे ते ओळखायची. माय रागावली असली तर तिचा घाव जड पडायचा. वहिनी रागवायचीच नाही, किंवा रागवत असली तरी मुसळाला कळू द्यायची नाही. एवढ्याशा तोंडाच्या त्या उखळात दोघींची मुसळं कधी एकमेकींवर आपटली नाहीत. सासू-सुनेचं सूत आमच्या घरी तेवढ्या एकाच ठिकाणी जुळत होतं.

घर तांदळाचं होतं. सकाळी तांदळाची आंबील, दुपारी भात, संध्याकाळी भात, मधल्या वेळेला भूक लागली तर पोहे. आम्ही कोहळी, तलाव बांधणारी माणसं. गावचा तलाव माझ्या पणजोबानं बांधला असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि येणारा-जाणारा ते कैकदा ऐकलेलं असूनही मान डोलवत असे. मग आमची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारजमा झाला. एक साहेब येऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभा राहिला, काहीतरी लिहून घेऊन गेला, आणि त्या दिवसापासून तलाव आमचा राहिला नाही. तो सरकारचाही झाला नाही, कारण पाळीला पडलेली भगदाडं बुजवायला सरकार काही फावडं घेऊन येईना. बाबांनीही हट्टानं हात लावला नाही. "ज्याचा तलाव त्यानं पाहावा गा," म्हणून मोकळे झाले. पाणी झिरपून जाऊ लागलं, ऐन दाणा भरायच्या वेळी खालच्या धानाच्या बांध्या कोरड्या पडू लागल्या आणि घरातल्या ढोल्या, म्हणजे बांबूच्या शेणानं सारवलेल्या कणग्या, अर्ध्यावर येऊन थांबल्या. पण बाबांच्या तोंडचं एक वाक्य काही बदललं नाही. "आपल्या चुलीवर कोदो चढत नाई."

कोदो म्हणजे बरड जमिनीवर येणारं बारीक तपकिरी धान्य. गड्यामाणसांचं, जंगलाकडच्या लोकांचं अन्न. गावात कोणाच्या घरी कोदो शिजतो आणि कोणाच्या घरी नाही, यावरून माणसाची पत ठरायची. तलाव गेल्यावर बाबांजवळ पत म्हणून तेवढीच उरली होती आणि ती त्यांनी फार जपली. आज मला त्यांची कीव येते. तेव्हा भीती वाटायची.

वहिनीचं नाव सायत्रा. माझ्या भावाची, गणपतची ही बायको सौंदडच्या पुढून, जंगलाला लागून असलेल्या गावातून आली होती. बाबांनीच ही सोयरीक केली, पण जंगलाकडची म्हणून मनातून ते तिला एक पायरी खालीच धरत. माझं तिच्याशी गूळपीठ होतं. श्रावणात ती मला पाळीपलीकडच्या वारुळांकडे घेऊन जायची. वारुळाभोवतीच्या ओल्या मातीतून सात्या वर आलेल्या असत. आमच्याकडे रानातल्या अळंब्यांना सात्या म्हणतात. पांढऱ्या, मधोमध टोकदार, लांब देठाच्या. त्या दिसल्या की मी आनंदानं बोट करायची आणि वहिनी झटकन माझा हात धरायची. "बोट नोको दाखवू वो अन्सा, सडून जातेत! मुडपून दाखव." मग आम्ही दोघी बोट मुडपून एकमेकींना सात्या दाखवत हिंडायचो आणि पदर भरून घरी आणायचो. कांदा, तिखट-मीठ आणि जवसाचं तेल. मटणासारखा वास घरभर सुटायचा आणि बाबा दोनदा भात मागून घ्यायचे. जंगलातली सात्या त्यांना पहिल्या पंक्तीला चालत होती. जंगलातली सून शेवटच्या.

पुढे मी गोंदियाला उभा जन्म जीवशास्त्र शिकवलं. बुरशीचा धडा आला की मी सात्यांपासूनच सुरुवात करायची. आपण खातो ती सात्या म्हणजे नुसतं फळ, खरा जीव जमिनीखाली पांढऱ्या धाग्यांच्या रूपानं पसरलेला. वारुळात वाळवी त्या धाग्यांची चक्क शेती करते, चावलेल्या लाकूडपाल्याचं खत घालते आणि त्यावर आपलं पोट भरते. बुरशी झाड नाही आणि प्राणीही नाही. तिला स्वतःचं अन्न करता येत नाही, ती दुसऱ्याच्या देहातून ते शोषून घेते, जिवंत देह असो की मेलेला. ती नसती तर आमची सगळी जंगलं आपल्याच गळलेल्या पानांखाली गाडली गेली असती, कारण लाकूड आणि पाला कुजवून त्याची माती करायचं निम्म्याहून जास्त काम तीच करते. पोरं खिडकीबाहेर बघत बसायची. "मॅडम, ये परीक्षा में आएगा क्या?" एवढाच त्यांचा प्रश्न. येईल म्हणून मी वेळ मारून न्यायची आणि तिथंच धडा संपवायची. कारण त्यापुढचा धडा कोदोचा होता आणि तो आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हता.

आमच्या बरडावर समारू नावाचा गडी कोदो पेरायचा. ते पीक गड्यांच्या वाट्याला जाई, घरात येतच नसे. त्या साली कोदो कापून पडला आणि वर पाऊस लागून राहिला. पेंढ्या भिजल्या, वाळल्या, पुन्हा भिजल्या. झोडपून दाणे अंगणात आणले तर समारूनं आपला वाटा उचलायला नकार दिला.

"कोदो मातला मालकीनबाई," तो मायला म्हणाला. "आमाले नोको. ठेवून द्या. दोन-तीन सालानं उतरते त्याचा माज."

आमच्याकडे माणूस दारूनं मातते, बैल चाऱ्यानं मातते आणि कोदो पावसानं मातते. असा मातलेला कोदो खाल्ला की झिंग येते, हातपाय कापतात, जीभ जड होते. दाण्यात शिरलेली बुरशी ते विष करते, हे मला फार पुढे कळलं. पण खाऊ नये हे गोंडांच्या वस्तीतल्या, टोलीवरच्या लहान पोरालाही ठाऊक होतं. मायलाही ठाऊक होतं, ऐकून. ज्यांच्या चुलीवर कोदो चढत नाही त्यांना त्याचा माज कुठून कळणार? तिनं तो गुरांच्या कोठ्यालगतच्या रिकाम्या ढोलीत टाकून ठेवला आणि विसरून गेली.

पुढल्या श्रावणात तांदळाची ढोली खरवडायची वेळ आली. नवं हलकं, लवकर येणारं धान निघायलाही अवकाश होता. बाबांच्या पंक्तीला रोज कोणी ना कोणी असायचंच, आणि ताटातला भाताचा ढीग कमी झालेला त्यांना चालत नसे. आधी बाबा, भाऊ आणि पाहुणे, मग मी, मग माय, सगळ्यांत शेवटी वहिनी. मायपर्यंत येईस्तोवर पातेल्याचं बूड दिसू लागायचं. एक दिवस बाबा बाहेर गेलेले पाहून मायनं कोठ्यालगतची ढोली उघडली. कोदोला वर्ष होत आलं होतं, माज उतरला असेल, शिवाय दोन-तीन पाण्यानं धुतला की काय राहते, अशी तिनं आपली समजूत घातली.

"तुह्या माहेरी खातेतच ना वो?" तिनं वहिनीला विचारलं.

"हो आत्याबाई. मले आवडते," वहिनी म्हणाली. ती दुसरं काय म्हणणार होती? तिला दिवस गेले होते आणि भूक आवरत नव्हती.

वरवरचा कोदो बरा असावा. एक-दोनदा तिचं डोकं गरगरलं, तर माय म्हणाली, पोटुशीला होतेच तसं. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. कोदो मागच्या छपरीत शिजायचा, तिथंच खाल्ला जायचा आणि भांडं लगेच राखेनं घासलं जायचं. एवढी काळजी मायनं कोदोच्या दाण्यांची घेतली असती तर बरं झालं असतं.

पोळ्याचा दिवस उजाडला. घरात पुरण शिजत होतं, पण बैलांना घास भरवल्याशिवाय माणसानं त्याला तोंड लावायचं नाही, आणि बैल गावच्या पोळ्याच्या तोरणाखालून सुटून दारी यायचे ते थेट संध्याकाळी. माय उपाशी राहिली, तिला सवय होती. वहिनीचं तोंड मात्र सुकून गेलं होतं. दुपारी मायनंच तिला मागच्या छपरीत बसवलं आणि कोदोचा भात आणि तिखटाचा गोळा पोटभर वाढला. "खाय वो. पोटात दोन जीव हायेत." ढोलीच्या तळातला, सर्वांत ओल धरलेला कोदो होता तो. मायनं तो मायेनं वाढला, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. नाहीतर वाचणारा म्हणेल, सासूच ती, तिच्याकडून आणखी काय व्हायचं.

दिवे लागायच्या सुमारास सजवलेले बैल दारात आले. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, मागे अर्धा गाव. वहिनी आरतीचं ताट घेऊन उंबऱ्याबाहेर आली आणि मला वाटलं, ती हसते आहे. ती हसत नव्हती, तिचे ओठ थरथरत होते. एक पाऊल इकडे पडलं, एक तिकडे. माझ्याकडे बघून ती काहीतरी म्हणाली. ताट धर, असं म्हणाली असावी, पण तोंडातून नुसतं घोगरं काहीतरी आलं. मग ताट बैलांच्या खुरांत पडलं, दिवा विझला, औक्षणाचे तांदूळ मातीत गेले आणि वहिनी बैलाच्या गळ्याला धरून सरकत खाली बसली.

पोळ्याला आमच्याकडे पुरुष पितातच, त्यामुळे झिंगलेलं माणूस कसं दिसतं हे सगळ्यांना पाठ. "पेली वो माय! मालगुजाराची सून पेली!" गर्दीतून एक बाई म्हणाली. कोणी हसलं. पोळ्याला दारात दिवा विझला म्हणून कोणी चुकचुकलं. भाऊ मान खाली घालून उभा राहिला.

"जंगलाकडची जात," बाबा म्हणाले. "घरोघरी मोहाची भट्टी. पन आपल्या घरात दारू आली कोठून, तेवढं पाहा लागीन."

मी मायकडे पाहिलं. ती दारात उभी होती आणि तिला सगळं कळलं होतं. ती काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. ती बोलेना तेव्हा मीच ओरडले, "बाबा, वहिनी नाई पेली! तिनं कोदो खाल्ला! मातलेला कोदो!"

अंगणातलं हसणं थांबलं. आता सगळे वहिनीकडे नाही, आमच्या दाराकडे बघत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मायकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी विचारलं, "घरात कोदो हाये?"

मायनं पदर तोंडाशी धरला. वहिनी जमिनीवर पडून कापत होती, डोळे उघडे, मायवर लागलेले.

"नाई," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नारबोद. पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी आमच्याकडे रोगराई वेशीबाहेर घालवतात. पोरं पळसाच्या फांद्या ओढत गावातून ओरडत जातात, "खोकला-पडसं घेऊन जा गे नारबोद! माशा-मच्छर घेऊन जा गे नारबोद!" त्याच सकाळी बाबांनी बैलांची दमणी जुंपायला लावली. वहिनीची झिंग उतरत आली होती, पण पाय अजून ठरत नव्हते. भाऊ तिला माहेरी पोचवायला निघाला. बापापुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. चढायच्या आधी वहिनी मायच्या पाया पडली.

"आत्याबाई, तुमी तं सांगा ना. मी पेली नाई."

मायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. दमणी वेशीकडे निघाली तर पुढेमागे पोरांचा घोळका, फांद्यांचा खरखराट आणि तो गजर, "इडा-पिडा घेऊन जा गे नारबोद!" पोरांना काय कळतंय, ती दर सालासारखीच ओरडत होती. वहिनीनं डोक्यावरून पदर ओढून घेतला. मला नारबोद सहन होत नाही ती तेव्हापासून. इथं गोंदियातही आमच्या गल्लीतून पोरं ओरडत जातात आणि मी रेडिओ मोठा करते. शेजारची सून म्हणते, आजींना पोरांचा कंटाळा आहे.

दुपारी बाबा ओसरीवर गावातल्या माणसांसोबत पान खात बसले होते. आत चुलीवर काहीतरी शिजत होतं आणि तो वास तांदळाचा नव्हता. बाबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण बोलता बोलता ते थांबले. तेवढ्यात माय थाळा घेऊन बाहेर आली. पुरुषमाणसं बसलेल्या ओसरीवर मी तिला कधी टेकलेलीही पाहिली नव्हती. ती मधोमध मांडी घालून बसली. थाळ्यात तपकिरी कोदोचा ढीग होता.

"घरात कोदो हाये," ती म्हणाली. "मीनं रांधला. मीनंच वाढला तिले." आणि ती जेवू लागली.

"ऊठ," बाबा म्हणाले. "डोस्कं फिरलं का तुह्यं?"

ती जेवत राहिली. कोणी हसलं नाही, कोणी उठूनही गेलं नाही. तिनं थाळा पुसून घेतला, हात धुतले आणि खांबाला टेकून बसली. "आता बसा," ती त्या माणसांना म्हणाली. "पाहून घ्या."

उन्हं कलली तशी तिची बोटं कापू लागली. मग हनुवटी. मग ती कुशीवर आडवी झाली आणि ओकू लागली. तिला बोलायचं होतं, पण काल वहिनीचे अडकले होते तसेच तिचे शब्द अडकले. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन रडत होते. समारू उताऱ्याला ताकाचं गाडगं घेऊन धावत आला. बसलेल्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "हे तं तसंच झालं गा." बाबा उठून आत गेले.  मग ते दारात आले आणि कोणाकडे न बघता समारूला म्हणाले, "जाय. दमनी मागं फिरव. सूनबाईले घेऊन ये."

दमणी परत आली ती दुसऱ्या दिवशी आणि तिच्यात भाऊ एकटाच होता. वाटेतच वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या. मूल गेलं. ते कोदोनं गेलं, दमणीच्या धक्क्यांनी गेलं की त्या गजराच्या धसक्यानं, हे मी एवढं शिकूनही सांगू शकत नाही. पुढे बाबा स्वतः छोट्या रेल्वेगाडीनं सौंदडला उतरून तिच्या गावी गेले. डोक्यावरची टोपी काढून तिच्या बापापुढे बसले. बाप म्हणाला, "मी नाई म्हनत नाई मालक. पन तिलेच इचारा." वहिनी दाराआडून बोलली, "तुमच्या चुलीवर कोदो चढत नाई मामाजी. मी कोदो खानारी आहो." भाऊनं हे मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेव्हा त्याच्या दुसऱ्या बायकोची पोरं मोठी झाली होती.

कॉलेजात मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहिली तेव्हा ती सुंदर दिसली, आणि त्याचा मला राग आला. काचेसारखे धागे, त्यांच्या टोकाला बारीक मण्यांच्या माळा. पुढे माझ्या पहिल्या बाळंतपणात ताप उतरेना तेव्हा दवाखान्यात मला पेनिसिलिनच्या सुया टोचल्या आणि मी वाचले, माझ्या लेकीला आई राहिली. तेही औषध बुरशीचंच. नर्सला मी तापात हे समजावून सांगत होते तर ती म्हणाली, "आप आराम करो बाई." मी पडल्या पडल्या वहिनीचा विचार करत राहिले. बुरशीला भलंबुरं कळत नाही, ओल मिळाली की ती वाढते. ढोलीत ओल धरली हे कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. समारूनं सांगितलं होतं. पण कोदोबद्दल विचारायलासुद्धा आमच्या घरात जागा नव्हती, आणि एवढ्यासाठी एक बाई घरातून गेली, एक मूल गेलं. बाबांना मी हे कधी बोलले नाही. ते मरेपर्यंत भात जेवले.

दुसरी वहिनी आली. मायनं तिला पहिल्या दिवसापासून आपल्या आधी जेवायला बसवलं. "जेवली का वो?" असं विचारून हो ऐकल्याशिवाय ती स्वतः घास उचलत नसे. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मागच्या छपरीत पुन्हा दोन मुसळं पडू लागली, पण या दोघींची मुसळं सारखी एकमेकींवर आपटायची. मग गावात गिरणी आली आणि उखळात कोंबड्यांसाठी पाणी भरून ठेवू लागले.

मायच्या शेवटच्या दिवसांत मी तिला माझ्याकडे गोंदियाला आणलं होतं. तिला माणसं ओळखू येत नव्हती. मला ती कधी अन्सा म्हणायची, कधी परकी बाई समजून पदर सारखा करायची. मी मऊ भाताचा घास तिच्या तोंडाशी नेला की ती विचारायची, "सायत्रा जेवली का?" मी म्हणायची, "जेवली माय." मग ती तोंड उघडायची. रोजचंच झालं होतं ते. एका दुपारी मात्र ती थांबली. माझ्याकडे नीट, पूर्वीसारखं पाहिलं आणि म्हणाली, "काय जेवली?"

"भात," मी म्हणाले.

मायनं तोंड मिटून घेतलं, ते पुन्हा उघडलं नाही.